मायबाप आणि माउली : राजकारणातल्या दृष्टांतांविषयी

कीर्तनात दृष्टांत सांगायला फारसे शिकावे लागत नाही. तो कुठे थांबवायचा हे शिकण्यात मात्र आयुष्य जाते. आम्ही आळंदीला तर्कसंग्रह, पंचदशी, विचारसागर असे ग्रंथ संथेने म्हणत होतो तेव्हा गुरुजन एक गोष्ट पुनःपुन्हा बजावीत, की दृष्टांत एकदेशी असतो. ज्या एका अंगाचे साम्य दाखवायचे तेवढ्यापुरताच तो खरा. मुखाला चंद्र म्हटले तर आल्हाद तेवढा घ्यावा. चंद्रावरचा डाग आणि त्याचे पंधरा दिवस झिजणे घेऊ नये. श्रीमत् शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात पाण्यातल्या सूर्याच्या दृष्टांताची चर्चा करताना हेच सांगितले आहे. विवक्षित अंश सोडून सर्व बाबतींत साम्य कोणालाच दाखवता येणार नाही, आणि सर्वच जुळले तर दृष्टांत आणि दार्ष्टांतिक हा भेदच उरणार नाही, असा त्यांचा आशय आहे.

वय झाले, गळा बसला, आता वीणा दुसऱ्याच्या गळ्यात आहे. उभे राहून बोलणे थांबल्यापासून बसून ऐकणे वाढले. त्यात राजकारणाची भाषणेही आली. ती ऐकताना एक जाणवते, की तिथे हेतू फार थोडा आणि दृष्टांत फार. राष्ट्र म्हणजे कुटुंब, तिजोरी म्हणजे घरची थैली, पुढारी म्हणजे वैद्य, नाहीतर नावाडी, नाहीतर बाप. टाळ्या दृष्टांताला पडतात आणि निर्णय दृष्टांताच्या पाठीवर बसून निघून जातो. हा धंदा मुळात आपला. म्हणून त्यातली खोट कोणती हे सांगण्याचा अधिकार, मी समजतो, आम्हा कीर्तनकारांना थोडा तरी आहे.

नैयायिकांनी अनुमानाचे पाच अवयव सांगितले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. यात स्वयंपाकघर तिसऱ्या क्रमांकावर आहे. त्याच्या आधी हेतू उभा आहे, आणि धूर व अग्नी यांची व्याप्ती दोन्हीकडे सारखी आहे म्हणूनच स्वयंपाकघराला तिथे बोलावले आहे. सभेतला वक्ता काय करतो? डोंगरावर धूर आहे, स्वयंपाकघरातही असतो, तेव्हा चला डोंगरावर, भाकरी तयार असेल! नुसत्या वरवरच्या साधर्म्यावर असे उत्तर रचणे याला न्यायशास्त्रात ‘जाति’ म्हणतात. गौतमांनी तिचे चोवीस प्रकार मोजले आहेत आणि त्यांतला पहिलाच ‘साधर्म्यसम’ आहे. म्हणजे ही खोड नवी नाही.

महानुभावांचा पंथ वेगळा, पण त्यांच्या दृष्टांतपाठाची शिस्त आपणही घ्यावी अशी आहे. केसोबासांनी श्रीचक्रधरांचे दृष्टांत संकलित केले ते तीन भागांत : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. आंधळे आणि हत्तीची गोष्ट सांगून ते मोकळे होत नाहीत; या गोष्टीतले काय कुठे लावायचे हेही सांगतात. राजकारणातले दृष्टांत बहुधा मधल्या भागावरच संपतात. दार्ष्टांतिक ऐकणाऱ्याने आपल्या मनात जुळवायचे असते, आणि तिथेच सगळी गफलत होते, कारण मनात जुळवलेल्या गोष्टीला कोणी प्रश्न विचारत नाही.

एक जुने उदाहरण घेऊ. इसवी सनापूर्वी ४९४ मध्ये रोम शहरातले सामान्य लोक कर्जाने पिचले आणि नगर सोडून एका डोंगरावर जाऊन बसले. त्यांना परत आणायला सरदारवर्गाने मेनेनियस अग्रिप्पा नावाच्या माणसाला पाठवले. लिव्ही या इतिहासकाराने ती हकीकत दिली आहे. अग्रिप्पाने गोष्ट सांगितली ती अशी : एकदा हात, तोंड, दात यांनी पोटाविरुद्ध संप केला, की आम्ही राबायचे आणि याने बसून खायचे; मग पोट उपाशी राहिले आणि सगळे शरीरच खंगले. लोकांना ते पटले आणि ते परतले. गोष्ट सांगणारे इथे थांबतात. पण लिव्हीने पुढे लिहिले आहे की लोक परतले ते अटी ठरल्यावर. त्यांना स्वतःचे ट्रिब्यून मिळाले, त्यांच्या अंगाला हात लावायचा नाही असे ठरले, आणि सरदारांपैकी कोणालाही त्या जागेवर बसता येणार नाही असेही ठरले. गोष्टीने लोक वळले असतील, पण नगरात राहिले ते ट्रिब्यूनांच्या भरवशावर.

समाजाला शरीर म्हणण्यात कोणते अंग जुळते? एकाचे दुसऱ्यावाचून चालत नाही, एवढे जुळते. जुळत नाही ते हे, की शरीरात ‘मी’ एकच असतो. पायात काटा रुतला की डोळ्यांत पाणी येते, कोणी सांगावे लागत नाही. समाजात ज्याच्या पायात काटा आहे तोच तेवढा कळवळतो. डोळा दुसऱ्याचा आहे आणि तो कोरडा राहू शकतो. म्हणून तर काटा रुतला हे सांगणारा माणूस वेगळा नेमावा लागतो. आपल्याकडे पुरुषसूक्तातल्या मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांचे असेच झाले. विराट पुरुषाचे ते वर्णन पुढच्यांनी माणसांची जागा ठरवण्याचा कायदा करून टाकले. त्याच सूक्तात पुढे पुरुषाच्या पायांपासून पृथ्वी झाली असे आहे. ते अंग मात्र कोणी उचलून पुढे नेले नाही. चोखोबारायांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. आपण तिच्यापुढे वाकतो. पण त्यांच्या जातभाईंना आत पांडुरंगापर्यंत जाता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. एक दृष्टांत लांबवला तर तो किती शतके माणसांना दाराबाहेर उभे करतो, हे वारकऱ्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको.

आता ‘मायबाप सरकार’ या शब्दाकडे वळतो. अर्जाच्या मायन्यात लिहून लिहून तो इतका गुळगुळीत झाला आहे की हा दृष्टांत आहे हेच आपण विसरलो. राज्यकर्ता बाप आणि रयत लेकरू. यात जुळणारे अंग पालनाचे. पण त्याच्या पदराला धरून दुसरे अंग चोरपावलांनी आत येते : लेकराला कळत नाही. इंग्रजांच्या राज्यात सगळा भर या दुसऱ्या अंगावर होता. जॉन स्टुअर्ट मिल हा व्यक्तिस्वातंत्र्याचा मोठा कैवारी. त्याच्या १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथाचे नाव अजून आदराने घेतात. त्या ग्रंथात आरंभीच तो सांगतो, की हे तत्त्व सज्ञान माणसांसाठी आहे, मुलांसाठी नाही; आणि लगेच त्याच ओघात, जे समाज मागासलेले आहेत तेही अज्ञान मुलांसारखेच समजावेत. हाच मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. एका उपमेने कोट्यवधी प्रौढ माणसे, त्यांत शास्त्री आले, सावकार आले, शेतकरी आणि नातवंडांचे आजोबाही आले, अज्ञान बालकांच्या रांगेत जाऊन बसली. हेतू विचारा, तर हेतू नाहीच. मुलगा अज्ञान आहे हे त्याच्या वयावरून ठरते. समाजाचे वय कोणत्या पंचांगावरून मोजायचे? शिवाय मूल वाढते आणि ते वाढावे हीच बापाची इच्छा असते. इथे मूल वाढले की नाही हे बापच ठरवणार, आणि ते न वाढण्यात बापाचा फायदा. कोणत्या घरात असे असते?

मेकॉलेचे तर याहून नवल. १८२५ साली मिल्टन या कवीवर लिहिताना त्याने, लोक लायक होईपर्यंत त्यांना स्वातंत्र्य देऊ नये म्हणणाऱ्यांची टर उडवली. पोहता येईपर्यंत पाण्यात उतरणार नाही असे ठरवणाऱ्या मूर्खासारखे हे आहे, असा त्याचा दृष्टांत होता. दृष्टांत उत्तम आहे. पोहणे पाण्यातच येते आणि राज्य चालवणे ते चालवूनच येते, अंग नेमके जुळते. पण १८३३ साली पार्लमेंटात हिंदुस्थानचा प्रश्न आला तेव्हा, तिथे प्रातिनिधिक राज्य देता येणार नाही असे हेच गृहस्थ सांगत होते. कधीकाळी हिंदी लोक तशा संस्था मागतील, तो दिवस इंग्लंडला अभिमानाचा असेल, असेही ते म्हणाले. म्हणजे पाण्यात आज नाही, कधीतरी. दृष्टांत दुसऱ्याला लावताना सैल आणि आपल्यावर येताना आवळलेला, अशी ही दोन मापे. ऑगस्ट १९१७ च्या माँटेग्यूंच्या जाहीरनाम्यातही पायरीपायरीने आणि किती पायऱ्या ते आम्ही ठरवू, हीच भाषा आहे.

लोकमान्यांनी या बापलेकांच्या दृष्टांताला तोड काढली ती आपल्या वेदान्तातून. १९१६ च्या होमरूलच्या भाषणांत त्यांनी सरकारचे दोन भाग केले, परब्रह्मासारखे एक अव्यक्त आणि मायेच्या योगाने क्षणोक्षणी बदलणारे दुसरे व्यक्त. अव्यक्ताला आमचा विरोध नाही, हे व्यक्त, म्हणजे नोकरशाही, बदलली पाहिजे. त्या भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडून वीस हजारांचा जामीन मागितला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. वेदान्त म्हणून पाहिले तर हा दृष्टांत लंगडा आहे. विलायतेतल्या राजाला निर्गुण म्हणताना लोकमान्यांनाही मनात हसू आले असेल. पण त्यांना त्यातून घ्यायचे ते अंग एकच होते, की राज्यावर टीका म्हणजे राजद्रोह नव्हे. तेवढे घेऊन ते थांबले. दृष्टांताची ही राजकारणातली कुशल वागणूक म्हणावी लागेल. लबाडी म्हणणारे म्हणोत.

याहून मला दादाभाई नौरोजींची रीत अधिक प्रिय आहे. १८७५ साली भारतमंत्री लॉर्ड सॅलिस्बरी यांनी एका टिपणात लिहिले, की हिंदुस्थानचे रक्त काढायचेच आहे, तर जिथे रक्त साचले आहे तिथे शस्त्र लावावे, जी अंगे आधीच अशक्त आहेत तिथे लावू नये. शेतकऱ्यावर बोजा फार पडतो, असे त्यांना सुचवायचे होते. म्हणजे वैद्याचा दृष्टांत, आणि तोही दयेपोटी दिलेला. दादाभाईंनी तो शब्द धरला आणि जन्मभर सोडला नाही. वैद्य रक्त काढतो ते रोग्याच्या भल्यासाठी. हे रक्त कोणाच्या अंगात भरले जाते? पण तेवढे बोलून ते टाळ्या घेऊन बसले नाहीत. माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे वीस रुपये येते असा हिशेब त्यांनी मांडला, आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राला सरकार किती खर्च करते ते त्याच्या शेजारी ठेवले. कैद्याचा खर्च जास्त निघाला! ही तुलना पोटाची पोटाशी आहे, तिथे उपमा नाही. दृष्टांत दार उघडतो, आत जायचे ते आकड्यांच्या पायांनी, हे त्यांना माहीत होते.

घरच्या थैलीचा दृष्टांतही हल्ली जगभर चालतो. इंग्लंडच्या मार्गारेट थॅचर बाईंनी तो फार वापरला. गृहिणी जसा हात आखडून खर्च करते तसा सरकारने करावा. उधळपट्टी नको, हे अंग जुळते. पण घरधनी नोटा छापत नाही, सरकार छापते. आणि घरातल्याने खर्च कमी केला तर शेजाऱ्याच्या दुकानाला फरक पडेल न पडेल, सरकारने आखडला तर गावोगावच्या दुकानांना पडतो, आणि कर त्याच दुकानांतून यायचा असतो. असो. अर्थशास्त्र माझा विषय नाही, पण आमच्या फडाचे भंडाऱ्याचे हिशेब पुष्कळ वर्षे पाहिले आहेत, तेवढ्यावरून बोललो.

आता आपल्या घरातले. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्यांत दृष्टांतांचा पाऊस आहे, आणि नवशिक्याला वाटते, एका गोष्टीला इतके दृष्टांत कशाला? मी आयुष्यभर ओव्या लावून पाहिल्या. मला उत्तर सापडले ते असे, की ज्ञानोबाराय एक दृष्टांत देतात तेव्हा त्याचे नको ते अंगही श्रोत्याच्या मनात शिरते, लगेच दुसरा देतात, तो पहिल्याचे वाढलेले अंग छाटतो, तिसरा दुसऱ्याचे. आईचा दृष्टांत आला की मागून दिव्याचा येतो, पाण्याचा येतो, आकाशाचा येतो. शेवटी हाती उरतो तो सिद्धांत. राजकारणात उलटे असते. एकच दृष्टांत, आणि तो हजार वेळा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची वाटते. दृष्टांत सांगणारा स्वतःला त्यात कुठे बसवतो ते पाहावे. नामदेवराय आईविना कासावीस झालेले लेकरू होतात, तुकोबाराय दारातले कुत्रे व्हायला तयार आहेत. संत सांगतात तेव्हा खालची जागा स्वतःला आणि वरची देवाला. सभेतला वक्ता सांगतो तेव्हा बाप तो, वैद्य तो, नावाडी तो, मेंढपाळही तोच. लेकरू, रोगी, उतारू आणि मेंढरे आपण. दृष्टांत ऐकून झाल्यावर आपल्या वाट्याला कोणती जागा आली एवढे तपासले तरी पुष्कळ कळते.

आपला ‘माउली’ शब्दच पाहा. ज्ञानोबाराय माउली, विठाई माउली. पण वारीत हा शब्द तिथे थांबत नाही. दिंडीत चालताना पुढच्याला वाट मागायची तर ‘माउली’, पाणी देणारा माउली, पायांना तेल चोळून देणारी माउली, आणि आपल्याला धक्का देऊन पुढे गेला तोही माउलीच. भेटलेला प्रत्येक जण दुसऱ्याच्या पाया पडतो. मोठा लहानाच्या पडतो. शब्द सर्वांत वाटला गेला, म्हणून त्यात सत्ता साठली नाही. तोच शब्द उचलून फलकावर एका माणसाच्या चित्राखाली लिहिला की त्याचे ‘मायबाप सरकार’ होते. अक्षरे तीच राहतात, पण वाटणे संपते आणि साठवणे सुरू होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले, की धर्मात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती ही अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आपल्यातल्या काहींना हे बोल लागतात. भक्तीला नावे ठेवली असे त्यांना वाटते. मला तर ते वारकऱ्याचेच बोलणे वाटते. भक्तिशास्त्रात माकडाच्या पिलाचा आणि मांजरीच्या पिलाचा असे दोन न्याय आहेत. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते. मांजरीचे पिलू काहीच करत नाही, आई तोंडात धरून नेईल तिकडे जाते. भगवंतापुढे मांजरीचे पिलू होणे ही शरणागतीची थोर अवस्था आहे, कारण नेणारा चुकत नाही आणि त्याला आपल्याकडून काही नको आहे. ज्याला पाच वर्षांनी पुन्हा मते हवी आहेत त्याच्या तोंडात आपली मान देणे ही शरणागती नाही. जी वस्तू एकाच ठिकाणी अर्पण करायची ती दुसरीकडे ठेवू नका, इतकेच बाबासाहेब सांगत होते. आणि गंमत पाहा, त्याच भाषणात त्यांनी मिलचाही आधार घेतला : थोर माणसाच्याही पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नये. ज्या मिलने आपल्याला लेकरू ठरवले त्याचेच शब्द सज्ञान झालेल्या लेकराने त्याच्यापुढे ठेवले.

आम्हा कीर्तनकारांविषयीही बोलले पाहिजे. निवडणुकीच्या हंगामात सप्ताहाचा यजमान आणि उमेदवार एकच असतो, हे आता नवे राहिले नाही. मंडप त्याचा, पंगत त्याची, मग निरूपणात त्याचा एखादा दृष्टांत येतोच. काही नव्या मंडळींना त्यात वावगे वाटत नाही. मला वाटते, आणि स्पष्ट वाटते. प्रमाण संतांचे आणि दार्ष्टांतिक उमेदवाराचे, ही भेसळ आहे. दुधात पाणी घालणारा निदान त्याला गंगाजल म्हणत नाही.

काही वर्षांमागे अशाच एका सप्ताहात यजमानांचा माणूस माझ्याकडे आला. म्हणाला, “महाराज, साहेब विठ्ठलासारखे गावाच्या पाठीशी उभे आहेत, एवढे कीर्तनात येऊ द्या.” मी म्हटले, “येऊ देतो. पण पंढरीचा दृष्टांत अर्धा सांगता येणार नाही. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. देव आला तर त्याने मागे वळून वीट टाकली आणि सांगितले, माझे काम उरकेपर्यंत थांब. देव थांबला. गाव पुंडलिक होणार आणि साहेब विटेवर थांबणार, गाव आपले काम टाकून उठणार नाही. हे सगळे सांगू का?” तो हसला, कानाला हात लावला आणि साहेबांना विचारून येतो म्हणाला. कीर्तन संपून पंगत बसली तेव्हा तो वाढायला आला, माझ्या पानात दोनदा बुंदी वाढली, पण निरोपाचे काही बोलला नाही.